गुळव्याला झाला साखरेचा आजार

काहिलीत रस उकळायला लागला की मळी वर येते. झारा घेऊन कितीही काढा, खालून आणखी येतेच. गुऱ्हाळावरच्या गोष्टींचं तसंच आहे. एक काढावी तर तिच्या शेपटाला धरून दुसरी वर! माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तर कंटाळले म्हणून थांबलं. पण कोल्हारला प्रवरेच्या काठी बापूंचं गुऱ्हाळ होतं, तिथं चुलवाणापुढं बसून मी जे ऐकलं, ते कुठल्या कॉलेजात शिकवत असतील तर माझी मिशी उतरवा!

दुष्काळ पडायच्या आदल्या हंगामातली ही गंमत. गुऱ्हाळाचे मालक बापू. चरकात ऊस सारायला दत्तू पैलवान. चुलवाणात चिपाडं कोंबायला मी, म्हणजे गेनू. आणि काहिलीजवळ उभे आमचे तात्या गुळव्या. गुऱ्हाळात मालक कुणीही असो, राज्य गुळव्याचं! काहील कधी उतरवायची ते तोच सांगणार. एक उकळी जास्त झाली की गूळ करपला, एक कमी पडली की ढेप बसकण मारते.

तात्यांची रीत ठरलेली. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्याच्या भांड्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर फेकून मारायची. 'टण्ण' वाजली की तात्या ओरडणार, "उतरवाऽऽ!" याला म्हणायचं चाचणी. मग ती गोळी उचलून तात्या तोंडात टाकणार. दर काहिलीला. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत!

आणि नेमका याच माणसाला साखरेचा आजार झाला!

* * *

झालं असं, की तात्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चिपाड लागलं आणि ती जखम काही भरेना. हळद झाली, एरंडाचा पाला झाला. शेवटी चंद्राकाकूंनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. मी सोबत होतोच. गंमत असेल तिथं मी नाही असं कधी झालंय?

डॉक्टरांनी तात्यांची लघवी घेतली, काचेच्या नळीत निळं औषध होतं त्यात थेंब थेंब सोडली आणि नळी दिव्यावर धरली. उकळी फुटली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं लाल. तात्या डोळे फाडून बघत होते. जन्म गेला की उकळीचा रंग बघण्यात! राहवेना तेव्हा ओरडले,

"डॉक्टरसाहेब, उतरवा! करपंल!"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "तात्या, हा रंग म्हणजे तुमच्या अंगातली साखर. ही उतरली नाही तर जखम भरणार नाही. मग अंगठा कापावा लागेल. आणि तेवढ्यावर थांबलं तर नशीब म्हणायचं. साखर एकदम बंद!"

बाहेर आल्यावर चंद्राकाकूंनी डोळ्याला पदर लावला. गुळव्याचं सगळं काम उभ्यानं. पाय गेला तर काहिलीजवळ कोण उभं करणार? पण तात्या एकदम खुशीत!

"रडती कशाला? साखर आपन खातोच कुठं? ती कारखान्यावाल्यांनी खावी. मला आजार साखरेचा झालाय, गुळाचा न्हाई!"

हे आम्हा सगळ्यांना इतकं पटलं म्हणून सांगू! बापूंनी तर मान डोलवून त्याच दिवशी एक छोटी ढेप तात्यांच्या घरी धाडली. अशक्तपणा यायला नको!

पुढल्या खेपेला नळी पहिल्यापेक्षा लाल. डॉक्टर चक्रावले. चौकशी केली तेव्हा कळलं. कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो तात्या, साखर, गूळ, मध, सगळे सख्खे भाऊ! तुमच्या रक्ताला त्यांच्यात काही फरक कळत नाही."

तात्यांनी हळूच विचारलं,

"मग काकवी चालंल का? ती पातळ हाय!"

* * *

त्या दिवसापासून गुऱ्हाळाने तात्यांचा पाय आपल्या अंगावर घेतला. बापूंनी हुकूम काढला: तात्यांचा हात तोंडाकडं जाताना ज्याला दिसेल, त्यानं ओरडायचं.

"तात्या, पाऽऽय!"

चरकावरून पैलवान ओरडायचा, चुलवाणातून मी ओरडायचो, उसाची गाडी घेऊन आलेला परका माणूससुद्धा दोन फेऱ्यांत शिकायचा. एकदा तर तात्या नुसती मिशी पुसत होते, तरी चारी बाजूंनी "पाऽऽय!" बिचारे तसेच हात वर करून उभे राहिले, पोलिसांनी धरल्यासारखे!

जप्त केलेल्या गोळ्यांचा बंदोबस्त माझ्याकडं होता. अन्न टाकायचं कसं? म्हणून मी त्या खाऊन टाकायचो. चाचणीची गरम गोळी, वरून तांब्याभर पाणी. जाळापुढं बसून तहान लई लागायची. त्यामुळं माझ्या बांधाकडं फेऱ्याही वाढल्या. पैलवान म्हणायचा, "गेन्या, आता तिकडंच खाट टाक!"

* * *

बापूंचा मेव्हणा पुण्याला. तो तात्यांसाठी सॅकरीनच्या गोळ्यांची बाटली घेऊन आला. म्हणाला, "एक गोळी म्हणजे एक चमचा साखर. गोड लागतं आणि अंगाला काही लागत नाही."

तात्यांनी गोळी हातावर घेतली. ज्वारीच्या दाण्याहून बारीक. तोंड वाकडं करून म्हणाले, "एवढ्यानं काय व्हतंय!" आणि मूठभर चहात टाकल्या. पहिला घोट घेतला आणि तोंड असं झालं, जसं कुणी कडू कारलं कच्चंच चावायला दिलंय.

"हे गोड हाय?"

"लई गोड झालं की कडू लागतं," मेव्हणा म्हणाला.

"मग आमची सासू लई गोड हुती म्हनायची!" तात्या म्हणाले. चंद्राकाकू तिथंच उभ्या होत्या. तात्यांना त्या दिवशी चहाही मिळाला नाही, जेवणही नाही. साखर निम्मी तर तेवढ्यानंच उतरली असेल!

पण खरी मजा पुढं झाली. बापू कोपऱ्यात बसून उरलेली बाटली डोळ्यांपुढं फिरवत होते. मालकाचं डोकं! एक गोळी म्हणजे चमचाभर साखर, तर बाटली म्हणजे केवढी? त्यांनी मला जवळ बोलावलं, आवाज खाली आणला.

"गेन्या, ही आख्खी बाटली काहिलीत वतली तर? ऊस निम्माच लागंल!"

मी म्हणालो, "बापू, गोडी येईल हो. वजन कुठून आनायचं?"

बापूंनी बाटली मुकाट्यानं मेव्हण्याच्या पिशवीत ठेवली.

* * *

डॉक्टरांनी तात्यांना आणखी एक पथ्य दिलं होतं. तूप कमी, डब्यातलं वनस्पती तूप बंद, आणि भाजीला करडईचं तेल घ्या, हृदयाला बरं.

करडई आमच्या घरचीच. घाण्यावरून तेल आलं. आठ-पंधरा दिवसांनी तात्यांचं पोट टम्म! डॉक्टरांनी विचारलं, "खाता काय?"

"तुमी सांगितलं तेच. करडईचं त्याल."

"किती?"

चंद्राकाकू म्हणाल्या, "भाकरी कुस्करत्यात अन् वरून वाटी उपडी करत्यात. म्हनत्यात, औशिद हाय, जितकं जास्ती तितका गुन लवकर!"

डॉक्टर म्हणाले, "तात्या, मी तेल बदला म्हणालो होतो. त्यात पोहा म्हणालो नव्हतो!"

* * *

तुपावरून पैलवानाची आठवण झाली. तात्यांची पथ्यं ऐकून तो छाती पुढं काढून फिरायचा. "आपलं काम गावरान तुपाचं! डब्यातलं तूप दहा हातांवर असलं तरी मला वास येतो. ते खाऊन अंग फुगतं, जोर येत न्हाई."

मला असली वाक्यं ऐकली की हाताला खाज सुटते.

आमच्याकडं लोणी कढवताना त्यात विड्याचं पान टाकतात. तुपाला खमंग वास येतो. मी काय केलं, दुकानातून डब्यातलं तूप आणलं, कढवलं, त्यात विड्याचं पान टाकलं, चमचाभर ताक शिंपडलं. मग चंद्राकाकूंच्या तुपाच्या बरणीसारखीच एक बरणी भरली. आणि काकूंचं खरं गावरान तूप भरलं रिकाम्या डब्यात! काकू माझ्याच बाजूच्या. पोट धरून हसत होत्या.

दुपारी जेवायला बसलो. पैलवानाच्या पुरणपोळीवर मी बरणीतलं तूप सोडलं. पैलवानानं डोळे मिटले. "आहाहा! ह्याला म्हनत्यात तूप! ही गाय कुनाची हो काकू?"

"दुकानदाराची," काकू म्हणाल्या.

मग मी डब्यातलं वाढायला गेलो. पैलवान दोन हात मागं सरकला. नाक धरून म्हणाला, "लांब कर! उलटी व्हईल!"

तात्या इतका वेळ कोरडी भाकरी खात गप्प बसले होते. त्यांनी सगळी लबाडी पाहिली होती. हळूच म्हणाले, "पैलवान, तुमी त्या गाईला सोडू नका. मी आपला हा डबाच चाटतो." आणि बोट डब्यात घालणार तोच सगळे एकदम:

"तात्या, पाऽऽय!"

पैलवानाला खरं काय ते तीन दिवसांनी कळलं. मग मी दोन दिवस चरकाच्या बाजूला गेलोच नाही.

* * *

एकदा सरकारकडून एक बाई आल्या. खाण्यापिण्यात काय चांगलं, काय वाईट हे समजावून सांगायला. गुऱ्हाळावर बायाबाप्ये जमवले. बाई भल्या होत्या, साध्या बोलत होत्या. म्हणाल्या, "पिवळाधमक गूळ दिसायला छान, पण त्यात पावडर घातलेली असते. त्यापेक्षा काळपट गूळ बरा. गुळात लोह असतं. साखरेत ते नसतं."

"लोह म्हंजी?" बापू म्हणाले.

"लोखंड."

सभा गार! पैलवानाच्या मनात शंका. इंजिनाच्या खोपीतून तो लोहचुंबक घेऊन आला. म्हणाला, "आत्ता बघू!"

तो चुंबक आणायला गेला तेवढ्यात माझं काम झालं होतं. कोवळ्या ढेपेत बोटानं खिळा आत सारायला वेळ किती लागतो?

पैलवानानं चुंबक ढेपेजवळ नेला. टक्! चिकटला!

बाया तोंडाला पदर लावून बघायला लागल्या. बापूंचे डोळे मोठे झाले. स्वतः बाईच दोन पावलं मागं सरल्या! त्यांना बिचाऱ्यांना सांगताही येईना की लोह असतं, पण एवढं नसतं. बापू तेवढ्यात जाहीर करून मोकळे झाले, "आमच्या गुळाची बरोबरी कुनाला यायची न्हाई!"

ती ढेप पैलवानानं हट्टानं स्वतःकडं ठेवली. अंगात लोखंड भरायचं होतं ना! दुसऱ्या दिवशी गाल धरून आला. हातात माझा खिळा.

"बापू, गूळ झकास हाय. पर ह्यातलं लोह जरा बारीक करून घालत जावा. दाताला लागतं!"

* * *

हंगाम अर्धा सरला, पण तात्यांची गोळी सुटेना. आम्ही ओरडायचो, ते पाठ फिरवायचे आणि गोळी गट्टम! जखम तशीच. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "महिनाभर बघतो. मग नगरला मोठ्या दवाखान्यात, आणि तिथं अंगठा ठेवून यायचं."

चंद्राकाकू माझ्याकडं आल्या. "गेनूभावजी, समद्या गावाची चेष्टा करता. एक चेष्टा माझ्यासाठी करा."

अशी फर्माईश जन्मात आली नव्हती!

मी रानातून इंद्रावणाचं फळ आणलं. ते किती कडू म्हणाल तर शेळी वास घेऊन वाट बदलते. ते ठेचून तात्यांच्या चाचणीच्या पाण्यात पिळलं. तात्यांनी थेंब सोडला, गोळी वळली, फेकली, 'टण्ण', उचलली, तोंडात टाकली आणि...

"थूऽऽ! नासला! आख्खा रस नासला! उतरवू नका!"

एकच गोंधळ! ज्याचा ऊस होता तो शेतकरी डोक्याला हात लावून खाली बसला. बापू धावत आले, झाऱ्यातला पाक फुंकून चाखला. गोड! पैलवानानं चाखला. गोड! शेतकऱ्यानं चाखला. मधासारखा!

"तात्या, पाक झकास हाय," बापू म्हणाले. "तुझी जीभ गेली."

तात्यांचा चेहरा पांढरा पडला. पाय जाणार म्हटल्यावर एवढा पडला नव्हता! पण काहील काही थांबत नाही, पाक करपायला आलेला. तात्यांनी दुसरी गोळी वळली. फेकली. कान दिला. 'टण्ण'.

"उतरवा!"

असा गूळ पडला, की काय सांगू! तात्या ढेपेकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "म्हंजी इतकी वर्सं कामाचा हुता तो कान. जीभ नुसतीच मजा मारीत हुती!"

त्या दिवसापासून तात्यांनी गोळी तोंडात टाकली नाही. जीभ गेली म्हटल्यावर चाखून करायचं काय? आणि चाचणीचं पाणी रोज भरायचं काम चंद्राकाकूंनी स्वतःकडं घेतलं. त्या त्यात काय पिळायच्या, ते मी कुणाला सांगितलं नाही.

गोळ्या मात्र वाया जात नव्हत्या. मी वरचं पाणी पुसून खायचो. आत गोडच असायच्या.

* * *

आणि मग तो दिवस उजाडला.

डॉक्टर फटफटीवरून थेट गुऱ्हाळावर आले. सोबत ती पेटी: काचेच्या नळ्या, दिवा, निळं औषध. म्हणाले, "हंगाम सोडून तुम्ही दवाखान्यात येणार नाही, म्हणून मीच आलो. नळी लाल झाली तर तात्या उद्याच्या टेम्पोनं नगरला. निळी राहिली, हिरवट झाली, तर अंगठा तुमचा."

बापूंनी इंजिन बंद करायला लावलं. गुऱ्हाळ चालू असताना इंजिन बंद! असं बापूंचे वडील वारले तेव्हा झालं होतं. तात्या बाटली घेऊन उसाच्या आड गेले. त्यांच्या पाठोपाठ मीही एक बाटली घेऊन गेलो. पैलवान म्हणाला, "तू कशाला रं?" म्हटलं, "डॉक्टर दारात आल्यात, फुकट हाय, आपलीबी हौस!"

आधी तात्यांची नळी दिव्यावर चढली. सगळे वाकून बघतायत. चंद्राकाकू पाठमोऱ्या उभ्या, हात जोडलेले. उकळी फुटली. निळी. आणखी उकळली. निळी. मग कडेनं जराशी हिरवट झाक आली, कोवळ्या कांद्याच्या पातीसारखी. डॉक्टरांनी नळी उजेडाला धरली. तात्यांचा अंगठा दाबून बघितला, जखमेच्या कडा बघितल्या.

तात्यांना दम धरवेना. "डॉक्टरसाहेब, उतरवू का?"

"उतरवा!" डॉक्टर ओरडले. "अंगठा राहिला!"

पैलवानानं तात्यांना उचलून खांद्यावर घेतलं. बापूंनी ऊसवाल्यांना रस वाटला. चंद्राकाकू हसतायत की रडतायत कळेना. मी चिपाडाचा भारा घेऊन नाचत होतो, दुसऱ्या हातात आत्ताच्याच चाचणीची गोळी. सगळा दंगा शांत होईतो डॉक्टरांनी हसत हसत माझी बाटली घेतली. "आण, तुझीही हौस फेडू."

थेंब पडले. नळी दिव्यावर धरली.

निळं. हिरवं. पिवळं. आणि बघता बघता लाल! तात्यांची पहिल्या दिवशी झाली होती, त्याच्याहून लाल, भट्टीतल्या विटेसारखी!

गुऱ्हाळ असं हसलं, की झाडावरचे कावळे उठले!

"उसाचा रस भरला भामट्यानं!" पैलवान मांडीवर थापा मारत होता.

"डॉक्टरांनाबी सोडलं न्हाई!" बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून.

डॉक्टरांनी नळी माझ्यापुढं नाचवली. "गेनू, निदान आज तरी चेष्टा नको होती."

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "आईशपथ, ह्यात मी काय बी घातलं न्हाई!"

परत हशा. आधीच्याहून मोठा! मला परत एकदा सांगायचं होतं, पण घसा सुकला होता. म्हटलं, आधी पाणी प्यावं. पण त्याआधी सवयीनं हातातली गोळी तोंडाकडं गेली.

सगळे हसत होते. एकटे तात्या हसत नव्हते. पैलवानाच्या खांद्यावर बसल्या बसल्या ते त्या लाल नळीकडं बघत होते, पाक बघतात तसे. मग त्यांनी माझ्याकडं मान वळवली आणि अख्ख्या कोल्हारला ऐकू जाईल असे ओरडले:

"गेनू, पाऽऽय!"